किटबॅगेतल्या वस्तू काचेच्या कपाटात: प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट २०२४

आधी काम काय ते सांगतो. नांदेडजवळच्या आमच्या गावात वाचनालय आहे. तिथे एक काचेचं कपाट उभं करायचंय आणि त्यात तीन निवृत्त नौसैनिकांच्या जहाजावरच्या दिवसांतल्या वस्तू मांडायच्या आहेत. मुदत ४ डिसेंबर, म्हणजे नौदल दिन. तिघांपैकी एक माझे सख्खे काका. दुसरे परभणीचे आबा, तिघांत सगळ्यात थोरले. तिसरे पैठणचे, त्यांना काका अजूनही ‘चीफ’ म्हणतात, म्हणून मीही चीफकाका म्हणतो.

माझं फ्रेमचं दुकान आहे. पट्टी कापणं, काच बसवणं, माउंट लावणं हे रोजचंच. पण सत्काराचं मानपत्र फ्रेम करणं वेगळं आणि पितळ, लोकर, सुती कापड, मेडल, फोटो हे सगळं एकाच काचेमागं वर्षानुवर्षं ठेवणं वेगळं. म्हणून या नोंदी लिहितोय. कुणाच्या घरी माळ्यावर फौजी ट्रंक पडली असेल तर उपयोगी पडतील.

आज काकांची ट्रंक उघडली. निघालं ते असं: टोपीची काळी रिबन, पांढरा गणवेश, तळाला नंबर कोरलेला स्टीलचा मग, व्हॉल्व्हवरची एक पितळी पट्टी, भोक पाडलेलं एक परदेशी नाणं, अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा आणि दोन अल्बम. पितळी पट्टी बॉयलरच्या दुरुस्तीत जुना व्हॉल्व्ह बदलला तेव्हा भंगारात निघाली म्हणे. ती मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसनं नांदेडला कशी आली, हे मी विचारलं नाही.

काका आयएनएस गोदावरीवर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, होते. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही फ्रिगेट जातीची युद्धनौका १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात आली आणि २३ डिसेंबर २०१५ ला निवृत्त झाली. गावात एकानं मला विचारलं, “जहाज आपल्या गोदावरीत कुठवर यायचं?” तेव्हा ठरवलं की कपाटात माहितीची पहिली चिठ्ठी या प्रश्नाच्या उत्तराचीच लावायची.

१ सप्टेंबर

पोळ्याच्या तोंडावर पाऊस थांबायलाच तयार नाही. तरी वाचनालयात जाऊन माप घेतलं.

मूळ बेत भिंतीवर टांगायच्या कपाटाचा होता, तो सोडला. इमारत काळ्या मातीवर आहे. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलेली आहे. शिवाय मागच्या बाजूला वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या. टांगलेलं कपाट सहा महिन्यांत तिरकं होणार आणि वाळवी भिंतीतून थेट प्लायमध्ये शिरणार.

नवा बेत: जमिनीवर उभं कपाट, भिंतीपासून चार बोटं पुढे, खाली लोखंडी अँगलचे पाय आणि प्रत्येक पायाला लेव्हलचा बोल्ट. हे बोल्ट विसरू नका. सरकत्या काचा लावल्या आणि फरशी एका बाजूला बसली की काच आपली आपण सरकून उघडते.

१८ एमएम वॉटरप्रूफ प्लायच्या दोन शीट, ७,६०० रुपये. सागवानी बीडिंग २,४०० रुपये.

८ सप्टेंबर

पितळी पट्टी. तळहाताएवढी, चार भोकं, वर इंग्रजी अक्षरं ठोकलेली, खाचांत हिरवा गंज आणि जुना लाल रंग.

घरी काकूंनी माझ्या आधीच चिंच लावून ठेवली होती. चिंचेनं पितळ उजळतं हे खरं, देवाची भांडी आपण तशीच घासतो. पण देवाचं भांडं पाच मिनिटांत धुतलं जातं; ही पट्टी दुपारभर चिंचेत राहिली. आम्लानं पितळातलं जस्त विरघळतं आणि वर तांबं उरतं, म्हणून पट्टीचा एक कोपरा पिवळ्याऐवजी गुलाबी दिसायला लागला. तो परत पिवळा करायचा तर वरचा थर घासून काढावा लागेल, आणि त्यात अक्षरांच्या कडा जातील. तसाच ठेवला.

दुसरी भानगड पाण्याची. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की धुऊन वाळवलं की पांढरे ठिपके उमटतात. शेवटचं धुणं बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड पाण्यानं केलं आणि लगेच केस वाळवायच्या ड्रायरनं सुकवलं. गंज लाकडी टूथपिकनं, एकेक अक्षर धरून काढला. तार किंवा ब्लेड लावू नका.

मी ब्रासोची बाटली काढली तेव्हा काका शेजारीच बसले होते. म्हणाले, “काय करूलालास? ती चमकत नव्हती रे कधी.” बॉयलर रूममध्ये तेल, वाफ आणि घाम. पितळ चमकवायची हौस वर डेकवर, जिथं ॲडमिरल येतात. खाली हात पुसायला कापसाचा चोथा आणि वाचता येईल इतकी अक्षरं, बस. लाल रंग त्यांनीच लावलेला होता, त्यामुळे तो काढायचा प्रश्नच नव्हता.

बाटली ठेवून दिली. इथून पुढे प्रत्येक वस्तूला हात लावायच्या आधी तिच्या मालकाला विचारायचं की जहाजावर ही कशी दिसायची. दुकानात मी उलटं करतो, गिऱ्हाइकाला जुनं ते नवं करून हवं असतं.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, पैठणला जाऊन आलो.

चीफकाका पाणबुडीवाले. प्रशिक्षण विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहन तळावर झालं. पैठणच्या पोराला सातवाहन नावाच्या तळावर पाठवलं याची त्यांना अजून गंमत वाटते. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे त्यांचंच गाव. पुढे ते आयएनएस कुरसुरावर होते. ही रशियन फॉक्सट्रॉट जातीची पाणबुडी १९६९ मध्ये रीगा बंदरात आपल्या नौदलात आली, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि आता विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. दोन वर्षांपूर्वी नातवंडांना घेऊन ते तिकीट काढून आत गेले. “माझ्या बंकवर बोर्ड लावलाय, स्पर्श करू नये.”

त्यांनी दोन वस्तू दिल्या. एक डॉल्फिनचा बॅज, जो पाणबुडीवर प्रत्यक्ष काम शिकून परीक्षा पास झाल्यावरच छातीवर लागतो. आणि एक निळा लोकरी जर्सी.

जर्सीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त डोकं त्यानंच खाल्लं. दोन्ही कोपरांवर विटलेला, उजव्या बाहीवर काळा डाग, गळ्याच्या मागं कसरीनं पाडलेली छिद्रं. आणि वास. इतक्या वर्षांनीही ट्रंकेतून काढला की डिझेलचा वास येतो. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीत गोडं पाणी मोजून मिळायचं, अंघोळ चैनीची, त्यामुळे डिझेल कपड्यात, केसांत, चपातीतसुद्धा. चीफकाका सुट्टीवर आले की त्यांच्या घरच्या काकू आधी कपडे अंगणात टाकायला लावत. हा एक जर्सी चीफकाकांनी मुद्दाम धुऊ दिला नाही.

आता प्रश्न असा की न धुता कसर कशी मारायची. डांबरगोळ्या टाकल्या तर डिझेल जाऊन कपाटभर डांबराचा वास होईल, आणि गोळ्या कापडाला टेकल्या तर डागही पडतात. उन्हात टाकला तर निळा रंग उडेल.

२२ सप्टेंबर

उपाय सापडला: गोठवणं. जर्सी मऊ कागदात सैल गुंडाळायचा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढायची, टेपनं बंद करायची आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायचा. कसरीची अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतली वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान एक दिवस, तशीच ठेवायची. नाहीतर थंड लोकरीवर बाहेरच्या हवेचं पाणी बसतं.

घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात हे होत नाही, तो तेवढा गार नसतो आणि दिवसातून दहा वेळा उघडतो. शेजारच्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीजर आहे. त्यानं पिशवी हातात घेऊन विचारलं, “ह्याच्यात काय हाय?” पाणबुडीतला स्वेटर म्हटल्यावर तळाशी जागा करून दिली. वर कुल्फी.

६ ऑक्टोबर

जर्सी बाहेर आला. झटकल्यावर कसरीची टरफलं पडली, नवी हालचाल काही नाही. वास आहे तसाच. चीफकाकांना फोनवरून आधी हेच कळवलं.

आता तो पारदर्शक पिशवीत नाही, तर कपाटाच्या खालच्या वेगळ्या कप्प्यात आडवा ठेवणार. लोकरीतून गंधकाचे अंश सुटतात, त्यानं चांदी काळवंडते. त्याच हवेत बॅज आणि मेडल नकोत. हँगरवरही नको, जुनी लोकर स्वतःच्या वजनानं खांद्यात ताणते. बाह्यांत मऊ कागदाच्या गुंडाळ्या भरल्या म्हणजे घडीवर चीर पडत नाही.

पांढऱ्या गणवेशाचं मात्र उलटं. त्याला स्टार्च होता, आणि स्टार्च म्हणजे झुरळ-कसरीचं जेवण. काकांच्या परवानगीनं तो साध्या पाण्यात भिजवून स्टार्च काढला, सावलीत वाळवला. इस्त्री नाही. काकांनी विचारलं, पांढऱ्याला इस्त्री नाही म्हणजे काय? त्यावर आमचं वाजलं. शेवटी फक्त कॉलरला हलकी वाफ दिली.

१३ ऑक्टोबर

परभणीच्या आबांचा अल्बम. त्या काळचा चिकट पानांचा, वर प्लास्टिकची फिल्म. फोटो पानाला असे चिकटलेत की कोपरा उचलला की कागद फाटतो.

सोलून काढू नका. दात साफ करायचा रेशमी धागा घ्या (मेडिकलमध्ये मिळतो), फोटोच्या मागं एका कोपऱ्यातून घाला आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा हळू हळू ओढत न्या. ड्रायरची गरम हवा दिली तर डिंक मऊ होतो, पण रंगीत फोटोला गरम हवा देऊ नका. जो फोटो धाग्यालाही दाद देत नव्हता, तो पानासकट कापून ठेवला. आधी सगळ्या पानांचे ६०० डीपीआयवर स्कॅन केले, धागा नंतर. कपाटात प्रिंट लावणार, मूळ फोटो आबांकडे परत.

आबा १९७१ मध्ये विक्रांतवर होते. तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे. ही जुनी विक्रांत, ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये आपल्या नौदलात दाखल झालेली. एकाहत्तरच्या डिसेंबरात ती बंगालच्या उपसागरात होती आणि तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. आबा डेकवरच्या माणसांपैकी. त्यांच्या आठवणीत मात्र विमानं कमी आणि कानातले कापसाचे बोळे जास्त. “कान गेले ते तिथंच,” म्हणतात आणि टीव्ही मोठा करतात.

फोटोंवर तारखा नाहीत. एक युक्ती सांगतो: जहाजाच्या मागच्या टोकाला फडकणारं निशाण बघा. पांढऱ्यावर लाल क्रूस आणि कोपऱ्यात तिरंगा असेल तर फोटो २००१ च्या आधीचा, किंवा २००४ नंतरचा. २००४ नंतरच्यात क्रूसाच्या मध्यावर अशोकस्तंभ आहे, २०१४ पासून खाली ‘सत्यमेव जयते’. मधली तीन वर्षं क्रूस नव्हता, निळं नौदलचिन्ह होतं. २ सप्टेंबर २०२२ पासून क्रूस कायमचा गेला आणि शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आबांचा नातू फोटो बघून म्हणाला, “आजोबा इंग्रजांच्या जहाजावर होते का?” तेव्हा निशाणांचीही एक चिठ्ठी वाढली.

आबांची सगळ्यात आवडती आठवणवस्तू कपाटात बसत नाही. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, मग मुंबईच्याच दारूखाना भागात, जिथं जुनी जहाजं तोडतात, तोडली गेली. तिचं पोलाद वापरून बजाजनं २०१६ मध्ये व्ही ही मोटारसायकल काढली. टाकीत ते पोलाद. आबांनी नातवाला घेऊन दिली. नातू कॉलेजातून आला की आबा फडकं घेऊन टाकी पुसतात, बाकी गाडी चिखलात असली तरी.

२० ऑक्टोबर

सुताराकडचं नुकसान. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत कापलेली सागवानी बीडिंग ऑक्टोबरच्या उन्हात आकसली आणि चारही कोपऱ्यांचे ४५ अंशांचे सांधे उघडले. एका ठिकाणी तर नाणं जाईल इतकी फट. लाकूड सुकवलेलं आहे असं विकणारा सांगतोच. पावसाळ्यात घेतलेलं लाकूड दुकानात महिनाभर मोकळ्या हवेत पडू द्या, मग कापा. भुसा आणि फेविकॉलचा लगदा भरून बघितला, पॉलिशखाली वेगळा दिसला. दोन बाजू नव्यानं कापल्या. ९०० रुपये आणि एक आठवडा गेला.

त्या आठवड्यात प्लायच्या आतल्या बाजू बंद करून घेतल्या. प्लायच्या गोंदातून आणि लाकडातून आम्लाचे अंश सुटत राहतात आणि बंद कपाटात पितळ, शिसं, फोटो सगळ्यांना त्रास देतात. आतून पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) हात आणि त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल टेप, मग वर सुती कापड. कापड धुऊन, रंग जात नाही हे बघून लावलं. लाल मखमल सुचवणारे बरेच भेटले. मखमलीचा रंग दमट हवेत उतरतो, आणि ह्या वस्तू लाल मखमलीवर ठेवल्या की सराफाचं दुकान दिसतं.

पीयू, फॉइल: १,९५० रुपये.

१० नोव्हेंबर

दिवाळीत काचा बसवल्या. ५ एमएम टफन, ४,८०० रुपये. आणि दिवाळी संपता संपता पितळी पट्टी मंदावलेली दिसली. कडेला हिरवट छटा. दोन महिने पिशवीत काही झालं नव्हतं, कपाटात आठवड्यात झालं.

झाकण उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तेव्हा कारण कळलं. काच ज्या साध्या सिलिकॉननं बसवली, ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. बाथरूमच्या टाइलला काही फरक पडत नाही. बंद कपाटातल्या पितळाला आणि शिशाला पडतो. दुकानात मी हेच सिलिकॉन वर्षानुवर्षं वापरतोय, कधी लक्षात यायचं कारण नव्हतं, कारण फोटोफ्रेममध्ये पितळ नसतं.

सगळं सिलिकॉन ब्लेडनं काढलं. वस्तू बाहेर, काचा उघड्या, पंखा लावून कपाट वास पूर्ण जाईपर्यंत वाळवलं. मग न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना ॲसेटिक ॲसिड न सोडणारं, सिलिकॉन मागवलं. नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं बघूनच घ्या, नांदेडात दोन दुकानं फिरलो तेव्हा मिळालं. दोन्ही सिलिकॉन मिळून ९३० रुपये. पट्टी पुन्हा टूथपिक आणि डिस्टिल्ड पाणी.

१७ नोव्हेंबर

मेडल. आबांकडे एकाहत्तरच्या युद्धाची ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’, शिवाय इतर. फिती विटलेल्या, एकीची कड घामानं कडक झालेली. छावणीतल्या फौजी सामानाच्या दुकानातून मी नव्या फितींची सोय बघून ठेवली होती. आबांनी जुन्या फिती हातात धरून ठेवल्या आणि नव्यांकडे बघितलंही नाही. नव्या फिती आता पाकिटात, मेडलच्या मागं ठेवल्या आहेत. पुढे कुणाला लागल्या तर.

मेडलला पॉलिश अजिबात नको. कडेवर, म्हणजे जाडीवर, नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. तेच या मेडलचं आधारकार्ड. मांडायच्या आधी कडेचा फोटो काढून ठेवा आणि मेडल चिकटवू नका. फितीमागून सुती दोऱ्याचे टाके घालून अडकवा. मागं मी एका गिऱ्हाइकाकडे दुसरीकडून केलेली फ्रेम बघितली होती, मेडल फेविक्विकनं बोर्डाला. आता नाव वाचायचं तर मेडल तोडावं लागेल.

आबांचा बोसन कॉल वाजत नव्हता. ही नौदलाची शिट्टी: एक बारीक नळी आणि पुढे पोकळ गोळा, गोळ्याला वर भोक. नळीतून आलेली हवा भोकाच्या धारेवर बरोबर आपटली तरच आवाज निघतो. भोकात मळ होता, तो काढला तरी फुस्स. दुकानातल्या पोरानं नळी पक्कडनं सरळ करू का विचारलं, त्याला थांबवलं. आबांनी शिट्टी डोळ्याजवळ धरली, अंगठ्यानं नळी केसभर खाली दाबली, आणि फुंकली. मूठ उघडली की खालचा सूर, मिटली की वरचा. समोरच्या चहावाल्यानं वळून बघितलं. आबा म्हणाले, कवळी नसती तर आणखी लांब ओढला असता.

२४ नोव्हेंबर

चिठ्ठ्या. सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात वेळखाऊ काम. मोबाइलवर तिघांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि शक्यतो त्यांचेच शब्द ठेवले.

भोक पाडलेलं नाणं ऑस्ट्रेलियाचा एक डॉलर निघाला, वर पाच कांगारू. १९८८ मध्ये गोदावरी ऑस्ट्रेलियाला गेली होती, तिथून काकांनी आणला आणि जहाजावरच भोक पाडून लॉकरच्या किल्लीला लावला. परतीच्या वाटेवर ३ नोव्हेंबरला मालदीवमध्ये बंड झालं. भाडोत्री बंडखोर प्रोग्रेस लाइट नावाच्या मालवाहू जहाजातून ओलीस घेऊन श्रीलंकेच्या दिशेनं पळाले, आणि गोदावरी व बेतवा या आपल्या युद्धनौकांनी त्यांना गाठलं. गावातली पोरं काकांना विचारतात, गोळीबार कसा होता? काका सांगतात तेच चिठ्ठीवर लिहिलंय: “मी खाली बॉयलर रूममध्ये होतो. प्रेशर गेजचा काटा बघत होतो. वर काय झालं ते चहा घेऊन आलेल्या पोरानं सांगितलं. उकाड्याचं म्हणाल तर नांदेडच्या मे महिन्यानं मला तयार करूनच पाठवलं होतं.”

वाचनालयाच्या एका सदस्यानं सुचवलं की ‘शौर्याचा साक्षीदार’ असं काहीतरी वर मोठ्या अक्षरांत घालू. घातलं नाही. काटा बघणारा माणूस नसता तर जहाज धावलं नसतं, आणि काकांना ते नाणं त्या पाठलागासाठी नाही, सिडनीत मित्रांबरोबर फिरलेल्या संध्याकाळीसाठी आवडतं. चिठ्ठीत दोन्ही आहे.

पत्रांवर ‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे’ हा पत्ता. जहाज कुठंही असो, पत्ता तोच. आजीनं लिहून घेतलेल्या पत्रांत पाऊस, कापसाचा भाव, म्हैस व्याली. एकाच पत्राची प्रत बाहेर लावली, बाकी गठ्ठा काकूंकडे. जुन्या रबरबँडनं पत्रांना तपकिरी पट्टे पडले होते. रबर काढून सुती नाडी बांधली. घरातल्या कुठल्याही जुन्या कागदांना रबरबँड असेल तर आजच काढा.

आम्लमुक्त माउंट बोर्ड आणि कागद पुण्याहून, २,२०० रुपये.

२ डिसेंबर

कपाट वाचनालयात पोचलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या टाकून नेलं, काचा वेगळ्या. पायांचे बोल्ट फिरवून लेव्हल केलं. एलईडी पट्टी कपाटाच्या आत नाही, वरच्या बाजूला बाहेर. आतली उष्णता नको आणि एलईडीला वीज देणारा ड्रायव्हर बिघडला तर कपाट उघडायला नको. १,१०० रुपये. किरकोळ सामान १,३००. एकूण २३,१८० रुपये, माझी मजुरी सोडून. निम्मे तिघांनी दिले, निम्मे वाचनालयानं.

स्टीलचा मग मात्र काकांकडे परत गेला. काका आले, मांडणी बघितली, म्हणाले, “सकाळी चहा कशात घेऊ?” चार वाजता उठायची सवय त्यांची अजून गेलेली नाही, पहाटे चार ते आठ जहाजावरची पाळी, मॉर्निंग वॉच. उठून पहिला चहा त्याच मगात. मगाचा फोटो आणि चिठ्ठी लावली: वस्तू वापरात आहे.

४ डिसेंबर

उद्घाटन झालं. भाषणं लांबली. आबांनी बोसन कॉल वाजवला, तेव्हा मागच्या रांगेतली पोरं पुढे आली. दुपारपर्यंत काचेवर इतके हात उमटले की खाली आडवी पट्टी लावायला हवी होती असं वाटलं. पुढच्या कपाटाला लावीन. सगळ्यात जास्त गर्दी जर्सीच्या कप्प्यापाशी होती, कारण चीफकाका कप्पा उघडून प्रत्येकाला वास देत होते. वस्तू बंद ठेवायच्या हा नियम त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

१२ जानेवारी २०२५

महिन्याभरानंतरची तपासणी. पितळ स्थिर. कोपरे बंद आहेत. सिलिका जेलच्या पिशव्या निळ्याच्या गुलाबी झाल्या होत्या, म्हणजे ओल शोषून भरल्या. तव्यावर मंद आचेवर परत निळ्या केल्या. आमच्याकडं हिवाळ्यात महिन्यातून एकदा पुरेसं, पावसाळ्यात आठवड्याला बघावं लागेल. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, पोरांच्या हाती देऊ नका आणि तवा वेगळा ठेवा.

कपाटाची डावी बाजू दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली बसली होती, बोल्टनं उचलली.

लातूरहून एक निवृत्त पेटी ऑफिसर (नौदलातला हुद्दा) काल ट्रंक घेऊन दुकानात आले. अल्बमला बुरशी आहे आणि ते तो उन्हात वाळवणार होते. थांबवलं. आधी कोरड्या, हवेशीर खोलीत पानं उघडी ठेवायची, बुरशी पावडरीसारखी कोरडी झाली की मास्क लावून मऊ ब्रशनं बाहेर, अंगणात झाडायची. ओली असताना पुसली तर फोटोच्या थरात घुसते. ट्रंकेत एक दोरखंडाचा गाठींचा बोर्डही आहे, बोलाइन, रीफ, क्लोव्ह हिच, खिळे गंजून सुतात उतरलेत. खिळे काढायचे की ठेवायचे हे त्यांना विचारायचंय.